यंत्र घेतले, पण आकडा पाहणार कोण?

आम्ही नायगावचे कापड दुकानदार. आमचा माल चिंचोटी-कामण रस्त्याने भिवंडीहून येतो, त्यामुळे माग चालवणारी माणसे ओळखीची. त्यांतले एक चाचा चाळीस वर्षे यंत्रमागावर उभे राहिले. आज एक जिना चढताच त्यांना धाप लागते. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट विकार, सांगितला. बिडी, चुलीचा धूर, कामावरची धूळ यांनी श्वासनलिका अरुंद होतात. औषधाने आराम पडतो, रोग मुळातून जात नाही.

२०२० च्या कोरोनात ऑक्सिमीटर घरोघरी पोचला. चाचांच्या मुलानेही घेतला व रोजचा आकडा वहीत लिहू लागला. एका रात्री नेहमीचा ९२ उतरून ८४ झाला. दवाखान्याला फोन केला, कोणी उचलला नाही. घरच्यांनी सकाळची वाट पाहिली. पुढे आठ दिवस इस्पितळ, औषधांचा खर्च आणि मुलाच्या कामाचे खाडे. यंत्राने आपले काम केले होते. ऐकणारा कोणी नव्हता.

आता घरचा आकडा थेट डॉक्टरांकडे पाठवणारी यंत्रे आली आहेत. सोय चांगली, पण यंत्रानेच रुग्ण सांभाळला जातो, हे आम्हांला पटत नाही. स्कॉटलंडमध्ये अशा २५६ रुग्णांवर अभ्यास झाला. निष्कर्ष २०१३ साली आले. उपचार दोन्ही गटांना सारखेच चांगले होते, निम्म्यांच्या घरी यंत्रे जास्तीची. तरीही त्यांचे इस्पितळात जाणे लांबले नाही. म्हणजे मोल देखरेखीचे आहे, पेटीचे नव्हे.

मग करावे काय? भिवंडीचे कारखानदार आणि आमच्यासारखे खरेदीदार यांनी वर्गणी काढून एक प्रशिक्षित नर्स नेमावी. तिने यादीतल्या रुग्णांना ठरल्या दिवशी फोन करावा. धाप वाढली का, बेडक्याचा रंग बदलला का, इन्हेलर नीट ओढता येतो का, हे विचारावे. कोणता आकडा धोक्याचा, हे डॉक्टरांनी प्रत्येकाला कागदावर लिहून द्यावे, कारण सर्वांचा आकडा एक नसतो. बोट गार असेल किंवा नखावर गडद रंग असेल तर यंत्रही चुकते; रंगाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. साध्या सल्ल्यासाठी सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. रात्री धाप वाढली, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आणि कारखान्यातली धूळ तशीच ठेवून घरी यंत्र वाटणे, हा उलटा हिशोब आहे. आधी धूळ ओढणारा पंखा बसवा.

ताग्यात एक दोष निघाला तर आम्ही व्यापारी त्याच दिवशी कारखान्यात फोन करतो. तो तागा विणणाऱ्याची खबर घ्यायला आठवड्यातून एक फोन आम्हांला जड का व्हावा?