४६ क्रमांकाचा बचाव आणि आजचे मैदान

अमेरिकन फुटबॉलमधील जुन्या वळणाचा आक्रमक बचाव आज चालेल का, हे ठरवण्यापूर्वी त्या बचावाचा गाभा कोणता होता हे निश्चित केले पाहिजे, कारण अमेरिकेतील मराठी मंडळाच्या सुपर बोलच्या मेळाव्यात दरवर्षी जी तक्रार ऐकू येते ती नेमकी याच जागी चुकते. पंचाने पिवळा रुमाल टाकला की सत्तर-ऐंशीच्या दशकांत या देशात आलेली पिढी सुस्कारा सोडून सांगते, की खेळ मऊ झाला आणि नियमांनी बचावाचे हातपाय बांधले. इथेच जन्मलेली मुले ते निमूटपणे ऐकून घेतात. ज्या खेळाने परदेशातले पहिले हिवाळे सुसह्य केले त्याची ओढ या तक्रारीमागे आहे, आणि ती खरी आहे. तक्रार मात्र इतिहासाला धरून नाही.

तिच्या केंद्रस्थानी बहुधा शिकागो बेअर्सचा १९८५ चा संघ असतो. बचावाचे प्रशिक्षक बडी रायन यांनी रचलेल्या पद्धतीला ‘४६’ हे नाव डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीवरील क्रमांकावरून पडले. चेंडू ज्या रेषेवरून खेळात येतो तिच्या मध्यभागी आक्रमक संघाचा सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड असतात. या तिघांच्या अगदी समोर रायन एकेक बलदंड रक्षक उभा करीत, त्यामुळे तिघांपैकी कोणालाही शेजाऱ्याच्या मदतीला जाता येत नसे. शिवाय एका बाजूला दोन लाइनबॅकर, म्हणजे एरवी पहिल्या फळीच्या मागे राहणारे रक्षक, रेषेवर येत आणि ज्याने मागे थांबून लांबचे पास अडवायचे तो सेफ्टीही पुढे सरके. अकरांपैकी आठ जण असे पुढे आले की चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला माणसे अपुरी पडत. म्हणजे या पद्धतीचा पाया हिशेबाचा होता आणि धडक हे त्या हिशेबाचे फळ होते. मोसमातील १६ सामन्यांत बेअर्सनी केवळ १९८ गुण दिले, बाद फेरीतील पहिल्या दोन सामन्यांत समोरच्या संघाला एकही गुण मिळू दिला नाही आणि जानेवारी १९८६ मधील सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६–१० असे हरवताना धावून अवघे सात यार्ड कमावू दिले.

आता कालक्रम पाहावा. पास झेलण्यासाठी धावणाऱ्या रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्का देण्यास बंदी १९७८ मध्ये आली आणि आक्रमणाच्या फळीला हात लांब करून, उघड्या तळव्यांनी रक्षकांना थोपवण्याची मुभाही त्याच वर्षी मिळाली. म्हणजे ज्या पराक्रमाचे गोडवे गायले जातात तो बचावाचे ‘हातपाय बांधले’ गेल्यानंतर सात वर्षांनी घडला.

त्याला खीळ बसली तीही रुमालाने नव्हे. २ डिसेंबर १९८५ रोजी मायामीत डॉन शुला यांच्या डॉल्फिन्सनी बेअर्सना ३८–२४ असे हरवले, आणि त्या मोसमातील बेअर्सचा तो एकमेव पराभव होता. शुला यांनी तीन रिसीव्हर मैदानात पसरवले. त्यांतील आतल्या बाजूच्या नॅट मूर यांच्यामागे रायन यांच्या रचनेत लाइनबॅकरला धावावे लागले आणि डॅन मरिनो यांचा चेंडू इतक्या झटपट हातातून सुटत होता की धावून येणारे रक्षक पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे. मध्यंतराला मायामीचे ३१ गुण झाले होते. मूर यांच्यामागे लाइनबॅकरऐवजी मागच्या फळीतील पाचवा चपळ रक्षक द्यावा, असा आग्रह मुख्य प्रशिक्षक माइक डिटका धरत होते आणि रायन त्याला तयार नव्हते. त्यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. गणपतीच्या पंगतीत सगळे वाढपी पहिल्या ओळीकडे धावले तर तिथे वरणभात क्षणात पडतो आणि शेवटच्या ओळीतील पानांवर मीठ-लिंबाखेरीज काही नसते. मायामीने ती शेवटची ओळ शोधून काढली. आज प्रत्येक संघ तीच शोधतो. तीन रिसीव्हर ही आता रोजची मांडणी झाली आहे आणि डिटका मागत होते तो पाचवा रक्षकही रोजचाच.

हिशेब न पाहता केलेल्या धाडसाची किंमत ६ डिसेंबर २०२० रोजी न्यूयॉर्क जेट्सनी मोजली. २८–२४ अशी आघाडी होती आणि काही सेकंद उरले होते. तरीही त्यांनी मागे एकही सेफ्टी न ठेवता क्वार्टरबॅकवर धाड घातली आणि ४६ यार्डांचा पास देऊन सामना गमावला. बचाव प्रशिक्षकाला दुसऱ्याच दिवशी पदावरून दूर करण्यात आले. याउलट फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये व्हिक फँजिओ यांच्या बचावाने ब्लिट्झचा, म्हणजे नेहमीच्या चौघांखेरीज जादा रक्षक सोडण्याचा, आधार न घेता कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच सहा वेळा पाडले आणि फिलाडेल्फियाने ४०–२२ असा विजय मिळवला. मिनेसोटाचे ब्रायन फ्लोरेस यांनी तिसरी वाट काढली: सहा-सात रक्षक रेषेवर दाखवायचे आणि चेंडू सुटताच त्यांतील कोण पुढे जाणार व कोण मागे हटणार हे समोरच्याला कळू द्यायचे नाही. कबड्डी पाहत वाढलेल्यांना हे नवे वाटू नये. चढाईपटू आत येताच कोपऱ्यातील रक्षक घाईने पायावर झेपावला तर गुण जातो. जाणता रक्षक झेपेचा आव आणतो, पाऊल मागे घेतो आणि चढाईपटू वळण्याची वाट पाहतो.

नियमांचा वाटा शून्य आहे असे नाही. क्वार्टरबॅकच्या गुडघ्याखाली धडकणे, त्याच्यावर सगळे वजन टाकून पडणे, हेल्मेट खाली घालून भिडणे यांवर २००९ आणि २०१८ मध्ये बंधने आली आणि त्यांनी धडकेचा धाक निश्चितच कमी केला. परंतु त्यामागचे कारण मुलांसमोर ‘मऊ’ हा शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे. १९८५ च्या बेअर्समध्ये तो पुढे सरकणारा सेफ्टी डेव्ह ड्युअरसन होता. मेंदूचा अभ्यास केला जावा अशी इच्छा मागे ठेवून त्याने २०११ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी आयुष्य संपवले, आणि वारंवारच्या आघातांनी मेंदू झिजत जाण्याचा विकार त्याला असल्याचे तपासणीत आढळले. ज्या घरात मुलगा सायकलवर हेल्मेटविना दिसला तर आजी दारातूनच हाक मारते, त्याच घरात दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्याला बसणाऱ्या धडका कमी झाल्याची हळहळ व्यक्त व्हावी, हे शोभणारे नाही.

येथे सूर उपदेशाकडे झुकला आहे, त्याबद्दल ज्येष्ठ वाचकांनी क्षमा करावी; त्यांनी जपलेल्या आठवणींचा अवमान करण्याचा हेतू नाही आणि त्या आठवणींतील बचाव मैदानावरून पुसलाही गेलेला नाही. तिसऱ्या प्रयत्नात (‘थर्ड डाउन’) एखाद्याच यार्डाची गरज उरली की सेंटर आणि दोन गार्ड यांच्यासमोर आजही तिघे बलदंड रक्षक तसेच येऊन उभे राहतात, आणि त्या मांडणीला प्रशिक्षक अजूनही ‘बेअर फ्रंट’ म्हणतात. पुढच्या मेळाव्यात तो क्षण पडद्यावर आला की शेजारी बसलेल्या नातवाला बोट दाखवून सांगावे, की मधल्या तिघांकडे बघ, आणि मग सेफ्टी कुठे उभा आहे ते शोध.