विश्लेषण : ‘आरे’च्या खटल्यातून पर्यावरण कायद्याचा विद्यार्थी काय शिकतो?

आरे ते कफ परेड मेट्रो आता पूर्ण मार्गावर धावते आहे. तिच्या कारशेडचा खटला मात्र विधी महाविद्यालयांत आवर्जून शिकवावा असा आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले ते विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रामुळे.

हा विषय सक्तीचा आहे?

होय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन आणि पाच वर्षांच्या दोन्ही अभ्यासक्रमांत पर्यावरण कायदा शिकावाच लागतो. पुढे वकिली घटस्फोटांची करायची असली तरी हा पेपर टळत नाही. कायद्यांची नावे आणि वर्षे पाठ होतात. कोणती तक्रार कुठे आणि किती दिवसांत करायची, हे पाठांतराने येत नाही.

आरेत काय घडले?

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी २,६४६ झाडे हटवण्यास मंजुरी दिली. त्यांतली काही पुनर्रोपणासाठी होती. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. परवानगीनंतरची १५ दिवसांची मुदत २८ सप्टेंबरलाच संपली होती, असे मेट्रो कॉर्पोरेशनचे म्हणणे. म्हणजे कागद तयारच होते. याचिकाकर्त्यांच्या हाती मात्र वेळच उरला नाही. त्यात सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुट्टी. रविवारी त्या विद्यार्थ्याचे पत्र सरन्यायाधीशांकडे गेले आणि त्याचीच जनहित याचिका झाली. सोमवारी न्या. अरुण मिश्रा व न्या. अशोक भूषण यांच्या विशेष पीठाने झाडे तोडणे थांबवण्याचा आदेश दिला. तोवर २,१४१ झाडे पडली होती.

मग हरित लवाद कशासाठी?

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्याला सात कायद्यांची यादी जोडलेली आहे. शहरांतील झाडांबाबतचा महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा त्यात नाही. वन्यजीव कायदाही नाही. त्यामुळे झाड तोडण्याच्या परवानगीविरुद्ध उच्च न्यायालय गाठावे लागते. ‘आरे हे जंगल आहे का,’ हा प्रश्न वेगळा. जंगल ठरवताना शब्दकोशातला अर्थ धरावा, मालकी कोणाचीही असो, असे सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात डिसेंबर १९९६ मध्येच सांगितले होते. पण हा प्रश्न सर्वोच्च न्यायालय आणि लवादापुढे प्रलंबित असल्याचे सांगून उच्च न्यायालयाने त्याच्या गुणदोषांत जाणे टाळले. खरी मेख इथेच आहे : जंगलाचा वाद एका दारात अडकलेला, तर झाडांची परवानगी दुसऱ्या दारातून आधीच बाहेर पडलेली.

पुढे काय झाले?

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कॉर्पोरेशनला ८४ झाडांसाठी प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा दिली. कॉर्पोरेशनने परवानगी मागितली त्याहून अधिक झाडांसाठी. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल १० लाख रुपये भरण्यास सांगितले. प्रकल्प रखडू नये म्हणून त्याच आदेशात १७७ झाडे हटवण्याची परवानगीही दिली.