रानडुक्कर दिसले, खंड दिसेना

रोही आणि रानडुकरांनी वावर उद्ध्वस्त केले तर २०२६च्या खरिपापासून पीक विम्याची भरपाई मिळेल, धानाचे शेत पाण्याखाली गेले तरी मिळेल, अशी घोषणा केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी केली आणि वऱ्हाडात अभिनंदनाचे फलक लागले. रोह्यांचा त्रास खोटा नाही. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात रात्रीची जागल केल्याशिवाय हरभरा घरात येत नाही. पण घोषणेतली गोम अशी की, हे संरक्षण राज्याने स्वीकारले तरच लागू होणार. आणि महाराष्ट्र सरकारने २०२५च्या मे महिन्यात एक रुपयातला विमा गुंडाळताना असली जादा संरक्षणाची सगळी कलमे एका फटक्यात काढून टाकली आहेत. मग हे अभिनंदन नेमके कशाचे?

काढलेल्या कलमांत एक होते हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीचे. सलग २१ दिवस पाऊस नाही आणि उत्पादन निम्म्याखाली जाणार असे दिसले, की जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचना काढायची आणि कंपनीने संभाव्य भरपाईच्या २५ टक्के अग्रिम हंगाम चालू असतानाच द्यायचा. सरकारी कागदांच्या ढिगाऱ्यात पावसाचा खंड हा शब्द थेट शेतकऱ्याच्या पैशाशी जोडणारे हे कलम होते. तेच नेमके छाटले गेले.

ते कलम आदर्श होते असे कोणी समजू नये. अडीच मिलिमीटर पाऊस पडला की तो दिवस पावसाचा. अठराव्या दिवशी तीन मिलिमीटरचा शिडकावा झाला की कंपनीचा खंड मोडायचा. जमिनीचा मोडायचा नाही. तरीही २०२३चा ऑगस्ट आठवा. १९०१पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. त्या हंगामात कंपन्यांनी अपिलांवर अपिले केली, तरी दिवाळीच्या तोंडावर राज्यातल्या ३५ लाखांवर शेतकऱ्यांना सुमारे १७०० कोटींचा अग्रिम जाहीर झाला. अकोला जिल्ह्यातल्या पावणेदोन लाखांहून अधिक शेतकऱ्यांची नावे त्यात होती. रक्कम तोकडी होती, उशिरा आली, पण हरभऱ्याचे बियाणे घेण्यापुरती तरी होती. आता तसा ऑगस्ट पुन्हा आला तर जिल्हाधिकाऱ्यांना काढायला अधिसूचनाच उरलेली नाही.

मंत्रालयात पाऊस बेरजेने मोजतात, पीक तो दिवसांनी मोजते. अकोला जिल्ह्यात जून ते सप्टेंबर सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला निम्मा जुलैच्या एका झडीत कोसळला आणि ऑगस्ट कोरडा गेला तरी ३० सप्टेंबरला सरासरी गाठलेली दिसते. दरम्यान सोयाबीन फुलावर आलेले असते. फूल गळते, शेंगा लागल्या तर दाणा भरत नाही. पऱ्हाटीची पाती गळतात. मूग-उडीद ही पोळ्याच्या सुमारास हाती पैसा देणारी पिके. अशा खंडांनीच ती वऱ्हाडातल्या वावरांतून हुसकली. शेतकऱ्याच्या हाती उरतो तो डवरा: डवरणीवर डवरणी करून भेगा बुजवायच्या आणि आहे ती ओल धरून ठेवायची. आठ-दहा दिवस निभतात, एकवीस निभत नाहीत.

त्यातही मूर्तिजापूरचे दुखणे वेगळे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा या तालुक्यातून जातो. इतरत्र खंड पडला की शेतकरी विहिरीवरची मोटार सुरू करतो. इथे तसे केले तर पिकाला मीठ पाजल्यासारखे होते आणि चोपण जमीन आणखी बिघडते. म्हणजे पायाखाली पाणी असूनही ते पिकाच्या उपयोगाचे नाही. पाऊस धो-धो झाला तर ही चिकण जमीन निचरा करत नाही, आठवडाभर वाफसा येत नाही; उघडीप लांबली की तीच जमीन पाय जाईल एवढ्या भेगा देते. अतिवृष्टी आणि खंड हे दोन्ही मार एकाच हंगामात खाणारा हा पट्टा आहे. आणि कृषी खात्याच्या हवामान विभागणीत अकोला-अमरावतीचा बराचसा भाग कुठे बसतो? ‘निश्चित पावसाच्या प्रदेशा’त. हे नाव ज्याने ठेवले त्याने लाखपुरी किंवा कुरुमच्या शिवारात एक ऑगस्ट काढून पाहावा.

विमा नाही तर निदान दुष्काळ तरी? तिथेही तेच. २०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेत खंड मोजायचा तो सलग तीन-चार आठवडे, आणि त्यातल्या प्रत्येक आठवड्यात पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी असायला हवा. मग उपग्रहावरून पिकाची हिरवळ, जमिनीतली ओल, पेरणीचे क्षेत्र अशा चाळण्या. २०२३मध्ये या चाळण्यांतून राज्यातले ४० तालुके खाली उतरले. विदर्भातले त्यात दोनच, बुलडाणा आणि लोणार. मूर्तिजापूर नव्हते. ओरड झाल्यावर हजारावर महसूल मंडळांना ‘दुष्काळसदृश’ म्हणून सवलती दिल्या, पण सदृश असण्याने कर्ज फिटत नाही. गंमत अशी की त्याच २०२३च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती ठरवली होती. योग्यच केले. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी, हेही ठरलेले आहे. पाऊस जास्त झाला तर त्याला दोन-दोन व्याख्या. पाऊस थांबला तर नुसत्या खंडाला आपत्ती ठरवणारी एकही नाही! महसूल मंडळात महावेधचे स्वयंचलित हवामान केंद्र आहे, रोजचा पाऊस त्यात नोंदला जातो. कोरडे दिवस मोजायला त्याच आकड्यांचा उपयोग का होत नाही?

आता विमा उरला तो फक्त हंगामअखेरच्या उत्पादनावरचा. मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिच्या ७० टक्के उत्पादन हमीचे धरायचे. सरासरी १० क्विंटल असेल तर हमी सातची. खंडाने साडेसातवर आणले तर शेतकऱ्याचे पाव उत्पादन गेले, पण विमा कंपनीच्या लेखी नुकसान शून्य. आणि सातच्या खाली गेले तरी हिशेब कापणीनंतर, पैसे त्याहून नंतर. शेतकऱ्याला पैसा लागतो ऑक्टोबरमध्ये, रब्बीच्या पेरणीला. पैसेवारीचीही तीच तऱ्हा: विदर्भातली अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला. तोवर सोयाबीन विकून संपलेले असते.

सरकारचे म्हणणे एकच, योजनेत बोगस अर्ज झाले. झाले ना! सरकारी आणि देवस्थानांच्या जमिनी दाखवून अर्ज भरणारे कोण होते? ज्या टोळ्यांनी आणि सेवा केंद्रांनी ते भरले, त्यांच्यावर खटले चालवा. शिक्षा मात्र झाली प्रामाणिक सातबाऱ्याला. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी एक रुपयाच्या विम्यावरून भिकाऱ्याचा दाखला दिला होता. त्यांचे खाते बदलले, त्या भाषणामागची वृत्ती बदलली नाही. आता सोयाबीनचा शेतकरी दोन टक्के हप्ता भरतो आणि त्या बदल्यात पूर्वीपेक्षा कमी संरक्षण घेतो. अर्जांची संख्या २०२४च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आली, हे याचे उत्तर आहे. विमा काढायचा कशासाठी, हा प्रश्न शेतकऱ्याने कृतीतून विचारला.

शेतकऱ्याचे नुकसान सोसण्याची सरकारची तयारी विम्याबाहेरही भलतीच मोठी आहे. कापसाचे बोंड उमलायच्या आधी ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने गिरण्यांसाठी त्यावरचे आयात शुल्क माफ केले, मग ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांची अडचण दिल्लीला पंधरवड्यात कळते. पूर्णा खोऱ्यातल्या घुंगशी, नेर-धामणा, उमा या बॅरेजांचे पाणी पिकापर्यंत पोहोचवण्याची अडचण मात्र वर्षानुवर्षे कोणाला कळत नाही. खारपाणपट्ट्यात खंडावरचा इलाज साठवलेले गोडे पाणी एवढाच आहे. ते मिळत नसेल तर भरपाई द्या, आणि भरपाई द्यायची नसेल तर पाणी द्या.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. वऱ्हाडातल्या आमदारांनी रानडुकरांच्या घोषणेवर अभिनंदनाचा ठराव मांडण्याआधी दोन गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात. २१ दिवसांच्या खंडाचे कलम पुढच्या खरिपाच्या अधिसूचनेत परत यावे, आणि सततच्या पावसाप्रमाणे पावसाचा खंडही मंडळनिहाय नैसर्गिक आपत्ती ठरावा. यासाठी नवी समिती नको, नवा अभ्यास नको. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९पासून आहे. कोणत्या पिकाला कोणत्या अवस्थेत किती कोरडे दिवस सोसतात, हे तिथल्या शास्त्रज्ञांना एका दुपारी विचारता येईल.