शिरूरची मुलगी, दौंडचं स्थळ

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात शिरूरहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र चार पानी, आणि खरा प्रश्न शेवटच्या चार ओळींत! मुलगी तेवीस वर्षांची. दौंडचं स्थळ आलं, पसंती झाली, सुपारी फुटायची आहे. मुलीला पंधराव्या वर्षापासून फिट येत असत. गोळ्या चालू आहेत आणि गेल्या तीन वर्षांत एकदाही फिट आलेली नाही. तिच्या मावशीलाही हाच त्रास होता. 'दौंडकरांना सांगावं का? आणि उद्या हिच्या मुलांना झालं, तर आमच्या घराण्याला बोल लागेल,' असं या भगिनी लिहितात. (गावांची नावं त्यांच्या परवानगीनेच छापली आहेत.)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलू, म्हणजे पहिल्याचं उत्तर सोपं होईल.

फिट, मिरगी, फेफरं, काहीही म्हणा, डॉक्टरी नाव अपस्मार. मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक लहरींनी एकमेकींना निरोप देतात. त्यासाठी पेशींना सोडियम, पोटॅशियम आतबाहेर सोडणारी दारं असतात. तुमच्याकडे पाटाच्या चारीला दार असतं ना, तसंच समजा. दार वेळेवर लागलं नाही, तर पाणी बांध फोडून वावरभर पसरतं. ही दारं कशी घडवायची याची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते. कृतीत एखादं अक्षर बदललं की दार ढिलं राहू शकतं.

'म्हणजे आनुवंशिकच की!' असं इतक्यात म्हणू नका. एकाच बदलापायी आजार चालत आलेली घराणी थोडी. बहुतेकांत कितीतरी लहान बदल असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. 2023 साली जगभरच्या संशोधकांनी मिळून सुमारे 30 हजार रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा धोका वाढवणारी 26 ठिकाणं सापडली. असे बदल आईकडून येतात तसे बापाकडूनही येतात, आणि ज्यांना जन्मात फिट आली नाही अशांच्या अंगीही ते असतात. दौंडकरांच्या घरातही त्यातले काही असणारच! लहान मुलांच्या काही अवघड प्रकारांत तर बदल आईबापांत नसतोच, बाळात नव्यानेच झालेला असतो. तिथे कुणाच्या माहेराकडे बोट दाखवणार?

आता आकडा सांगते. चाळिशीपर्यंत फिटचा आजार कुणालाही होण्याची शक्यता साधारण शंभरात एक. आई किंवा वडिलांना तो असेल, तर मुलांत शंभरात चार-पाच, काही प्रकारांत थोडी जास्त. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांना काही होत नाही. शिवाय डोक्याला मार, जन्मताना गुदमरणं, न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी, यांनीही फिट येतात. त्यात घराण्याचा काय संबंध?

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मी दोनदा वाचली. 'सकाळी हिच्या हातून चहाचा कप उडतो, आम्ही धांदरट म्हणतो.' ताई, हा धांदरटपणा नसावा. वयात येताना सुरू होणाऱ्या एका प्रकारात झोपेतून उठल्यावर हाताला असे झटके बसतात, आणि जागरण झालं की वाढतात. हे डॉक्टरांना जरूर सांगा. या प्रकारात अनुवंशाचा वाटा थोडा जास्त असतो. पण गोळीने तो छान आटोक्यात राहतो आणि गोळी सोडली की बहुधा परत डोकं वर काढतो.

आता दौंडकरांचं. सांगाच, आणि सुपारीआधी सांगा. 1976 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा वारंवार येणाऱ्या फिटला वेडाच्या पंक्तीला बसवलं होतं. 1999 साली ते काढून टाकलं. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही, अपस्मार हा काही असाध्य आजार किंवा मानसिक विकार नव्हे, त्यावरून घटस्फोट मिळणार नाही, असं म्हटलं. कायदा मुलीच्या बाजूने आहे. पण लपवलंत तर 'फसवणूक' हा शब्द तुम्ही आयता त्यांच्या हाती द्याल. आणि लपवणार तरी कसं? सासरी चोरून गोळ्या घेणारी मुलगी एखाद दिवशी चुकवतेच.

मध्यस्थाकरवी नको, तुम्ही दोघं जा, कागद घेऊन जा. मुलाला एकदा डॉक्टरांकडे बरोबर येऊ द्या. नकार आला तर वाईट वाटेल, हे खरं. पुण्यात हा आजार स्वतः अनुभवलेल्या यशोदा वाकणकर यांनी 'संवेदना' हा गट सुरू केला आणि फिट येणाऱ्यांची लग्नं जुळवण्याचं कामही हाती घेतलं. तेव्हा याच एका स्थळावर जग संपत नाही.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ते व्हॅल्प्रोएट असेल, तर लग्नाआधीच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणी ही गोळी चालू राहिली तर दहांतल्या एखाद्या बाळात जन्मजात व्यंग येऊ शकतं, पुढे त्याच्या वाढीवर आणि शिकण्यावरही परिणाम होऊ शकतो. बदलायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. फॉलिक ॲसिडचंही तेव्हाच विचारून घ्या.

आणि लग्न ठरलंच, तर हळदीच्या रात्री बायका कितीही आग्रह करोत, नवरीला दहाला झोपवा. जागरण-गोंधळात तिने रात्रभर बसायलाच हवं असं नाही, तेवढं सासूबाईंशी आधी बोलून ठेवा. उपास धरायला लावू नका. गोळ्यांचं पाकीट रुखवताच्या पेटीत तळाशी नको, तिच्या पर्समध्येच असू द्या.