कबर उकरणारा कुत्रा आणि आपण

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जिंतूरला एका मय्यतीच्या दुसऱ्या दिवशी ताज्या कबरीची माती कडेने उकरलेली दिसली. पंजांच्या खुणा स्पष्ट होत्या. ज्याचा बाप तिथे झोपला होता, त्या मुलाचा चेहरा बघवत नव्हता. असरच्या नमाजनंतर मशिदीबाहेर विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, "विष टाका, कटकट मिटेल." दोन-चार माना हलल्या.

त्या मुलाचं दुःख मला कळतं. पण खड्डा वीतभरच खोल होता, हे कुणी पाहिलं का? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकायच्या आणि थंड मातीला पोट टेकवायचं, एवढाच त्याचा इलाज. मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो, काळी माती दगडासारखी होते, तिला भेगा पडतात. अशा वेळी अख्ख्या कब्रस्तानात भुसभुशीत आणि ओली जागा एकच असते. दफनानंतर आपणच पाणी शिंपडलेली कबर!

कुत्रा इतर कारणांनीही उकरतो. घूस-उंदराच्या वासाने, हाड पुरायला, व्यायला जागा करायला. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा कंटाळूनही उकरतो. नंतर मारून उपयोग नसतो, मार कशाचा हे त्याला कळत नाही. नुसता खड्डा बुजवूनही भागत नाही, कारण मोकळी झालेली माती पुन्हा उकरायला आणखी सोपी.

म्हणून कारणावर इलाज करावा. कबर पुरेशी खोल खणावी. वरची माती नीट दाबावी आणि ती बसेपर्यंत बाभळीच्या काटेरी फांद्या टाकाव्यात. कुंपणाची भगदाडं बुजवावीत. कब्रस्तानाबाहेर सावलीत पाण्याचं टोपलं ठेवावं. नसबंदी आणि रेबीजची लस यासाठी नगर परिषदेच्या मागे लागावं. 2023 च्या नियमांनुसार ती स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे.

विष घालणं हा गुन्हा तर आहेच, पण ते विष शेळी खाईल, एखादं लेकरूही हात लावेल. शिवाय एक कुत्रा मेला की त्याच्या जागी दुसरा येतो. माती तशीच मोकळी असेल तर तोही उकरेल.

"पण कुत्रा नापाक," असं कुणी म्हणेल. त्याची लाळ लागली तर धुण्याचा हुकूम आहे. त्यावरून विष घालण्याची मुभा निघत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका वाटसरूची हदीस आहे. तहानेने व्याकूळ कुत्रा ओल्या मातीला तोंड लावत होता. वाटसरू विहिरीत उतरला, पायातला चामडी मोजा पाण्याने भरून वर आणला आणि कुत्र्याला पाजला. अल्लाहने त्याला माफ केलं.

तो कुत्राही ओल्या मातीपाशीच होता. वाटसरूने आधी त्याची तहान ओळखली. आपणही येत्या उन्हाळ्याआधी बाभळीच्या फांद्या तोडून ठेवू आणि फाटकाबाहेर पाण्याचं टोपलं मांडू.