स्वमग्न कोण?

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी भोपाळला मावशीकडे गेलो होतो. काका 'भेल'मधून निवृत्त झालेले, घर पिपलानीच्या बाजूला. मावसभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दारात चपला काढत होतो तोच त्याने विचारले, "पिनकोड?" मी म्हटले, "दादा, ५९०००१." "पाचाने सुरू. म्हणजे कर्नाटक. आमचा चाराने. महाराष्ट्राचाही चाराने." एवढे बोलून तो आत निघून गेला. कसा आहेस, प्रवास कसा झाला, काही नाही. मावशी ओशाळली. म्हणाली, "तो असाच आहे रे, मनावर घेऊ नकोस." मनावर काय घ्यायचे? आपण नक्की कुठले, या प्रश्नावर आम्हा बेळगावकरांचा जन्म जातो. दादाने तो एका आकड्यात निकालात काढला.

दादाला ऑटिझम आहे. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना विचाराल तर ते 'स्वलीनते' म्हणतील. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात 'स्वपरायणता' आहे. तिन्ही शब्दांत 'स्व' आहे, कारण मूळ ग्रीक शब्दातच तो आहे. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो शब्द आधी वेगळ्याच आजाराच्या संदर्भात वापरला होता. पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना तो उचलला. म्हणजे हे नाव बाहेरून पाहणाऱ्याने ठेवलेले आहे. मूल माझ्याकडे पाहत नाही, तेव्हा ते स्वतःतच बुडालेले असणार! आपल्याकडे पाहिले नाही म्हणून कुणाला स्वमग्न ठरवायचे असेल, तर आमच्या बँकेतला कारकून केव्हाच ठरला असता.

मित्रहो, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. कॉमर्सला आलो तेव्हा पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडले नाही. एका सरांनी माझ्या मित्राला विचारलेही, "हा मुलगा घुमा आहे का?" तोच मी कॅन्टीनमध्ये मराठी-कानडीची सरमिसळ करून चार जणांना बोलू देत नसे. मग माझा घुमेपणा माझ्यात होता की वर्गात? दादाबद्दल हाच प्रश्न विचारावा असे मला वाटते. तुलना तंतोतंत नाही हे कबूल करतो. इंग्रजी मी शिकलो. दादाला ट्यूबलाइटची गुणगुण सहन होत नाही, ती काही शिकून जाणारी गोष्ट नव्हे. आणि काही मुले आयुष्यभर एक शब्दही बोलत नाहीत, त्यांच्या आयांपुढे माझा कॅन्टीनचा दाखला कुचकामी आहे. तरीही प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर ऑटिस्टिक माणसांनीच देऊन ठेवले आहे. १९९२ साली अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी 'ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल' ही संस्था काढली. तिची सुरुवात पत्रमैत्रीतून झाली, हे मला फार बोलके वाटते. समोरासमोर ज्यांची गाठ जमत नव्हती ती माणसे कागदावर भेटली. पत्रात डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, उत्तर द्यायला घाई नसते. पुढे पत्रांची जागा संगणकाने घेतली, पण सोय तीच. १९९६ पासून ते आपले संमेलनही भरवू लागले, आणि तिथे छातीवर रंगीत बिल्ले लावण्याची रीत पडली. लाल बिल्ला म्हणजे माझ्याशी आत्ता बोलू नका. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे, पण सुरुवात तुम्ही करा. आता सांगा, ज्यांना दुसऱ्याची जाणीवच नसते असे आपण म्हणतो, त्यांनी दुसऱ्याच्या मनाची एवढी विचारपूस करणारी युक्ती काढली! आमच्या स्नेहसंमेलनात कुणाला काय हवे हे कळायला मारामारी व्हावी लागते.

डॅमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने (ते स्वतः ऑटिस्टिक आहेत) २०१२ मध्ये हेच शास्त्राच्या भाषेत मांडले: न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. २०२० साली ब्रिटनमध्ये कानगोष्टीच्या खेळासारखा एक प्रयोग झाला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली; मिश्र साखळीत ती जास्त गळाली. २०२५ मध्ये ३०० हून अधिक माणसांवर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मिश्र साखळीतही फरक दिसला नाही. म्हणजे पहिला निष्कर्ष पुरता पक्का नाही. पण ऑटिस्टिक माणसे गोष्ट पोहोचवण्यात कमी पडतात, असे दोन्ही वेळा आढळले नाही.

आता भोपाळला परत येतो. मावशी एका रविवारी पालकांच्या बैठकीला निघाली, मीही गेलो. कुणी प्रमाणपत्रासाठी घातलेल्या फेऱ्या सांगत होते, कुणी 'निरामय' योजनेच्या एक लाखाच्या विम्याचे कागद दाखवत होते (कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून मी कान देऊन ऐकले), आणि प्रत्येक बोलणे फिरून एकाच जागी येत होते: आमच्यानंतर याचे कोण? या प्रश्नाला मी हसत नाही. आपल्या देशात या बाबतीत जे झाले त्यात पालकांचा वाटा फार मोठा आहे. १९९१ मध्ये दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू करणाऱ्या मेरी बरुआ एका ऑटिस्टिक मुलाच्या आईच होत्या. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला.

पण 'मुलांना' बसवले होते शेजारच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांसह. माझा दादा तेवीस वर्षांचा आहे. मी डोकावलो तर तो आणि आणखी एक तरुण एकमेकांकडे पाठ करून बसलेले. तो तरुण शहरबसचा एकेक थांबा म्हणत होता, आणि दादा प्रत्येक थांब्याचा पिनकोड. पिपलानी, बोर्ड ऑफिस, न्यू मार्केट. कुणाचाही आवाज चढत नव्हता, कुणी थांबत नव्हते. दोन तास! मावशी बाहेर डोळे पुसत होती की याला मित्र नाही म्हणून. बैठक संपली तशी तिने त्याला रिक्षात बसवले. त्या तरुणाचा पत्ता कुणी घेतला नव्हता. मी मागे जाऊन घेतला.

माझी तक्रार एवढीच आहे. भोपाळजवळ सिहोरला मानसिक आरोग्य पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभारायला केंद्र सरकारने २०१८ मध्ये मंजुरी दिली, हे चांगलेच आहे. पण ऑटिस्टिक माणसासाठी काय हवे याची यादी आपण करतो तेव्हा तीत डॉक्टर असतो, शिक्षक असतो, विमा असतो. दुसरा ऑटिस्टिक माणूस नसतो. जे मेळ जमले ते बहुतेक इंग्रजीत. दादाचे लिहिणे मराठी-हिंदीत. त्याने कुठे जावे?

आणि कॉलेजे? २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित कॉलेजांत अपंगांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवल्या आहेत. दादा एका कॉलेजात वर्षभर गेला. तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून द्या म्हणाला, ते जमले नाही, त्याने कॉलेज सोडले. आपल्याकडे असा विद्यार्थीच नाही, असे आपले प्राध्यापक म्हणतील. कदाचित असेल, आणि आपण त्याला घुमा म्हणत असू. येत्या स्नेहसंमेलनात ते तीन रंगांचे बिल्ले करून पाहावेत, अशी सूचना मी विद्यार्थी मंडळाकडे दिली आहे. काही जण हसले. कन्नड विभागातल्या एका मुलीने मात्र लाल बिल्ला आत्ताच द्या म्हणून मागितला.

भोपाळहून दर महिन्याला पोस्टकार्ड येते. त्या बसवाल्या मित्राशीही दादाचा पत्रव्यवहार सुरू झाला आहे, दोघे एकाच शहरात असून. या खेपेच्या कार्डात त्याने आमच्या कॉलेजच्या पिनकोडाबद्दल शंका काढली आहे. पोस्टात जाऊन खात्री करायला मला अजून सवड झालेली नाही, म्हणून उत्तर राहिले आहे.