स्वस्त मदरबोर्ड आणि आपण

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मदरबोर्डवर लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना विषयांतर वाटेल. वार्षिक अंकात आमच्या वाट्याला येणारे विषय ठरलेले आहेत: पाऊस, आई, बेकारी, नाही तर 'आजचा तरुण'. ते विषय वाईट आहेत असे मी म्हणत नाही. परंतु या आजच्या तरुणाला प्रकल्प टंकून द्यावे लागतात, शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात, स्पर्धा परीक्षांच्या पीडीएफ मोबाइलच्या चार बोटे रुंद पडद्यावर डोळे ताणून वाचाव्या लागतात. आणि ज्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते त्या घरात संगणक आणायचा, तर तो कोणता आणावा हे सांगणारे कोणी नसते. शिकलेल्या घरांतून कोणी तरी मामा नाही तर आतेभाऊ या धंद्यातला निघतो. आम्हांला दुकानदार असतो.

माझे मत प्रथमच सांगून टाकते. संगणक सुटे भाग आणून घरी जुळवायचा असेल, तर मदरबोर्ड स्वस्तातला घ्यायला मुळीच हरकत नाही. मात्र त्याची पिढी अजून चालती हवी. स्वस्त आणि कालबाह्य या दोन गोष्टी दुकानात एकाच फळीवर मांडलेल्या असतात आणि त्यांतला फरक खोक्यावर छापलेला नसतो. घोळ होतो तो इथेच.

माझे वडील, अप्पा, गवंडीकाम करतात. मदरबोर्ड म्हणजे काय, हे मी त्यांना सांगू लागले तेव्हा माझी निम्मी वाक्ये त्यांनीच पुरी केली. प्रोसेसर, रॅम, डिस्क, सारे याच पाटीवर बसते. वीज येथूनच वाटली जाते. म्हणजे हे घराचे जोते झाले, असे ते म्हणाले. पुढे कधी माडी चढवायची असेल तर ती जोत्याला झेपली पाहिजे. उपमा चांगली आहे, पण पुरती लागू पडत नाही. दगडी जोते पन्नास वर्षांनीही माडी पेलते. मदरबोर्डवर कोणता प्रोसेसर बसेल हे त्याच्या सॉकेटवर आणि चिपसेटवर अवलंबून असते, आणि तो सॉकेट कंपनीने सोडून दिला की वरचे बांधकाम कायमचे थांबते.

आता दुकानाकडे वळू. आमच्या जिल्ह्याच्या गावी एका दुकानात आम्हांला मॉनिटरसह चौदा हजारांचा 'नवा' संगणक दाखवण्यात आला. पेटी काचेची, आत रंगीत दिव्यांचे पंखे. गणपतीच्या मखराची आठवण व्हावी असा सारा थाट. प्रोसेसर कोणता, तर 'आय फाइव्ह'. ऐकणाऱ्याचे समाधान होते. पण आय फाइव्ह हे आडनाव आहे. ती व्यक्ती कोणती, हे पुढच्या आकड्यावरून कळते. खोलात विचारले तेव्हा मदरबोर्ड एच ६१ निघाला. दुकानदार उत्तरे मात्र अप्पांना देत होता. प्रश्न मी विचारत होते.

एच ६१ हा इंटेलचा २०११ सालचा चिपसेट. त्यावर २०११ आणि २०१२ साली आलेले, कोअर मालिकेच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात. रॅम डीडीआर ३, तीही जास्तीत जास्त सोळा जीबी. या चिपसेटचे बोर्ड आजही नव्याने बनवून, कोऱ्या खोक्यात घालून, दोन हजारांच्या आसपास विकले जातात. त्यावर बसवायचा प्रोसेसर मात्र कचेऱ्यांतून बाद झालेल्या यंत्रांतून काढलेला असतो, कारण त्याचे नवे उत्पादन केव्हाच थांबले. विंडोज ११ ला, कंपनीच्या नियमाप्रमाणे, इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. याचा अर्थ असा की असा संगणक घरी येतो त्या दिवशीच निवृत्त झालेला असतो.

दुकानदाराला मी चोर म्हणत नाही. लिनक्स घातले तर त्या यंत्रावर टंकलेखन होईल, पुस्तके वाचता येतील, व्याख्यानेही ऐकता येतील. ज्याच्यापाशी खरोखरच तेवढेच पैसे आहेत त्याने काय करावे, हा प्रश्नही खोटा नाही. त्याला मी सांगेन की त्याच रकमेच्या आसपास मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून बाहेर पडलेले आठव्या पिढीचे आखे संगणक मिळतात. ते जुने म्हणूनच विकले जातात आणि विंडोज ११ चालवतात. माझी तक्रार 'नवा' या एका शब्दाबद्दल आहे. आईच्या बचत गटातून काढलेल्या कर्जाचे हप्ते दोन वर्षे चालणार आणि वस्तू चौदा वर्षांपूर्वीची, हा हिशेब कोणी तरी गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगायला नको का?

उलट टोकाला दुसरी एक जमात आहे. ती दुकानात कमी आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत जास्त भेटते. या मंडळींच्या मते अमुक एका चिपसेटच्या खालचा बोर्ड घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. कारण विचारावे, तर म्हणे त्यावर ओव्हरक्लॉकिंग होत नाही. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला नेमून दिलेल्या गतीपेक्षा जास्त पळवणे. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणांना पॉलिटिकल सायन्सचा प्रकल्प नेमून दिलेल्या गतीपेक्षा जास्त वेगाने पळवायचा आहे?

मी स्वतः ज्याच्या बाजूने आहे तो एएमडीचा ए ५२० चिपसेट. तो २०२० च्या ऑगस्टमध्ये आला. त्यावर ओव्हरक्लॉकिंग होत नाही, जोडण्या कमी, रॅमच्या खाचा बहुधा दोनच. पण त्याचा सॉकेट एएम ४, आणि या सॉकेटची कथा ऐकण्यासारखी आहे. रायझेन प्रोसेसर २०१७ च्या मार्चमध्ये बाजारात आले ते याच सॉकेटवर. पुढे पिढ्या बदलल्या, सॉकेट तोच राहिला. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की येणारी नवी पिढी ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. कारण देण्यात आले ते बायॉसच्या चिपमध्ये जागा अपुरी असल्याचे. ज्यांनी 'पुढे माडी चढवू' म्हणून बोर्ड घेतले होते त्या गिऱ्हाइकांनी जगभर गिल्ला केला, आणि त्याच महिन्यात कंपनीला आपला निर्णय फिरवावा लागला. २०२२ मध्ये तर ३०० मालिकेच्या, म्हणजे अगदी पहिल्या बोर्डांनाही ती वाट मोकळी झाली. अर्थशास्त्राच्या तासाला आपण ग्राहकाचे सार्वभौमत्व शिकतो. मला ते खरे वाटले ते हा प्रसंग वाचून.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. एएम ४ ची शेवटची मोठी पिढी येऊन गेली. २०२२ पासून कंपनीची नवी इमारत एएम ५ वर उभी राहत आहे. मग जुन्या जोत्यावर बांधता कशाला? याचे उत्तर रॅममध्ये आहे. एएम ५ ला डीडीआर ५ रॅमच लागते. बोर्डही महाग आणि रॅमही महाग. ए ५२० सुमारे पाच हजारांत मिळाला आणि डीडीआर ४ वर भागले. शिवाय वर चढायला अजून जागा आहे: आज सहा कोअरचा प्रोसेसर, पुढे कोणी आठ कोअरचा जुना विकायला काढला तर तो याच बोर्डावर बसेल. आमचा संगणक २०२५ च्या एप्रिलमध्ये जुळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी रॅमची एवढी खरेदी सुरू झाली की भाव भडकले. तेव्हा आता घेणाऱ्याने बोर्डाच्या आधी रॅमचा भाव काढावा आणि मग सॉकेट ठरवावा. ज्याला ऐपत आहे आणि सात-आठ वर्षांचा विचार करायचा आहे, त्याने एएम ५ घ्यावा. त्याच्याशी माझा वाद नाही. इंटेलच्या बाजूला २०२२ चा एच ६१० आहे. तोही वाईट नाही, फक्त त्याच्या काही बोर्डांना डीडीआर ४ लागते आणि काहींना डीडीआर ५, हे खोके फोडण्यापूर्वी वाचावे.

एक खाचखळगा मात्र असा आहे की त्यात पडलेले दोघेजण आमच्याच वर्गात आहेत. मदरबोर्डाच्या पाठीवर मॉनिटरची जोडणी असते म्हणून चित्र दिसेलच असे नाही. ते चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचे असते. रायझेन ५ ५६००जी मध्ये ते आहे. रायझेन ५ ५५०० स्वस्त दिसतो, पण त्यात ते नाही. इंटेलच्या ज्या क्रमांकाच्या शेवटी एफ असतो त्यांतही नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल तर हे एक अक्षर फार महागात पडते. आणि हे ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते, तेव्हा सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन्ही वाटा चालू राहतात.

स्वस्त बोर्डात खरी काटकसर केलेली असते ती वीज उतरवणाऱ्या भागात. बारा व्होल्टची वीज तेथे सुमारे एक व्होल्टवर आणून प्रोसेसरला दिली जाते आणि तो भाग तापतो. महागड्या बोर्डावर त्यावर धातूचे जाड ठोकळे असतात, स्वस्तावर पुष्कळदा काहीच नसते. पासष्ट वॅटच्या प्रोसेसरला हे चालते. उद्या कोणी हौसेने सोळा कोअरचा राक्षस आणून बसवील, तर त्याने बोर्डाला दोष देऊ नये.

खरेदीच्या वेळी दुकानदार 'बिलाशिवाय घ्या, अठरा टक्के वाचतील' असे म्हणतो. चांगल्या कंपन्यांच्या बोर्डांना साधारण तीन वर्षांची हमी असते, आणि बिलावर क्रमांक नसेल तर ती हमी मागायची कशावर? इंटेलच्या आणि एएम ५ च्या बोर्डांत बारीक पिना सॉकेटमध्येच असतात. एक वाकली तरी हमी नाकारतात. म्हणून प्लॅस्टिकचे झाकण दुकानातच उचलून, उजेडात धरून पाहावे. बायॉस कोणत्या आवृत्तीचा आहे हेही तेथेच विचारावे, कारण जुन्या साठ्यातला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि आपण घरी काळ्या पडद्याकडे पाहत बसतो. दुकानदार वैतागेल. वैतागू द्यावा.

आमच्या घरचा संगणक माझ्यापुरता नाही. धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे, आणि अप्पा रात्री त्यावर विटा-सिमेंटचा हिशेब मांडायला शिकत आहेत. त्यांना पत्रकातील बेरीज आपोआप होते याचे अजून नवल वाटते आणि ते ती कागदावर पुन्हा करून पाहतात.

शेवटी महाविद्यालयाला एक विनंती. संगणक कक्षाच्या बाजूच्या खोलीत बाद झालेली यंत्रे धूळ खात पडली आहेत. त्यांतले एक उघडून सॉकेट कोठे असतो, खाचा कोठे, बोर्डाचा क्रमांक कोठे छापलेला असतो, हे शनिवारी दुपारी तासभर दाखवण्याची परवानगी आम्हां विद्यार्थ्यांना मिळावी. स्क्रू ड्रायव्हर मी घरून आणीन.